वय वाढल्यावर गाडी शिकताय? आधी नजरेकडे लक्ष द्या

पानगळ:

नमस्कार मंडळी. चाळिशी ओलांडल्यावर मी गाडी शिकले, परीक्षा दिली, लायसन्स हातात आलं आणि आता रोज चालवते. मध्यंतरी इथे दोघीतिघींनी विचारलं होतं की या वयात जमतं का, भीती कशी जाते. ते एका प्रतिसादात मावणार नव्हतं म्हणून हा वेगळा धागा.

जमतं, आणि नीट जमतं. पण शिकवणारे बहुतेक जण पहिल्या दिवसापासून हात आणि पाय यांच्याबद्दलच बोलत राहतात. क्लच दाबा, गिअर टाका, स्टिअरिंग फिरवा. डोळ्यांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही, आणि नवशिक्याचं बिनसतं ते बहुतेक वेळा तिथेच. त्यामुळे हा धागा मुख्यतः नजरेबद्दल आहे.

नवीन माणूस बोनेटच्या लगेच पुढचा रस्ता बघत असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. म्हणजे तुम्ही ज्या तुकड्याकडे बघताय तो डोळ्यांत भरेपर्यंत चाकाखालून निघून गेलेला असतो. मग स्टिअरिंगला बारीक बारीक झटके बसतात, गाडी नागमोडी जाते, शेजारी बसलेला माणूस दचकतो आणि आपण स्टिअरिंग आणखी आवळून धरतो. नजर उचलून लांब न्या. रस्ता जिथे वळतो किंवा दिसेनासा होतो तिथवर. हातांना वेगळं काही सांगावं लागत नाही, गाडी सरळ चालायला लागते. वाचून पटणार नाही. मोकळ्या रस्त्यावर एकदा करून बघा.

वळणावर हे जास्तच जाणवतं. वळण संपून रस्ता जिथे सरळ होतो तिकडे बघायचं, समोरच्या कठड्याकडे नाही. खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. डोळे जिथे खिळतात तिथेच हात गाडी नेतात.

आता बसण्याबद्दल, कारण नीट बसलं नाही तर नीट दिसत नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटच्या पाठीला टेकवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. उंची कमी असलेल्या आपण बऱ्याच जणी पुढचं दिसावं म्हणून सीट पार पुढे ओढतो. त्याऐवजी सीट वर घेता येते का ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेला त्यासाठी दांडी असते आणि शिकवणारे ती कधी दाखवत नाहीत. स्टिअरिंग घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरा. जुने लोक दहा आणि दोन सांगतात, पण एअरबॅग आल्यापासून हात थोडे खाली असलेले बरे.

बाजूचे आरसे असे लावा की स्वतःच्या गाडीची बाजू अगदी कडेला जेमतेम दिसेल. निम्मा आरसा स्वतःच्याच दरवाजाने भरलेला असेल तर मागचा रस्ता कुठून दिसणार?

अजून लिहिण्यासारखं बरंच आहे, पण तुमचे प्रश्न येऊ देत.

नवशिकी:

पानगळताई, वेळेवर धागा काढलात. माझं शिकाऊ लायसन्स आलंय, शिकणं चालू आहे. तुम्ही म्हणता नजर लांब ठेवा. पण माझं सगळं लक्ष पायात असतं. सिग्नल हिरवा झाला की गाडी बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात आणि मग पुढे काही सुचतच नाही. अशा वेळी नजर कुठे आहे हे मला आठवतसुद्धा नाही.

चौथागिअर:

मी कित्येक वर्षं गाडी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. पानगळताईंचं नजरेबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. पाय जोवर आपोआप चालत नाहीत तोवर नजर रस्त्यावर टिकत नाही. नवशिकी यांनी लिहिलंय ते अगदी तेच. मेंदू एका वेळी किती गोष्टी सांभाळणार? त्यामुळे आधी क्लच, मग नजर.

नवशिकी, तुमच्यासाठी एक सराव सांगतो. तो रस्त्यावर नाही, मोकळ्या सपाट मैदानात करायचा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक काढा आणि एक्सलरेटरला पाय अजिबात लावू नका. क्लच अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीच्या अंगाला बारीक थरथर येते. तिथे पाय थांबवा. सोडू नका, दाबूही नका. गाडी रांगायला लागेल. ती चालू लागेपर्यंत पाय तिथेच धरून ठेवा, मग उरलेला क्लच सोडा. पुन्हा क्लच-ब्रेक दाबून थांबा, पुन्हा निघा. सपाट जमिनीवर बहुतेक गाड्या रेस न देता अशा निघतात.

आता गाडी बंद का पडते ते समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे फिरत असतं आणि चाकं स्थिर असतात. क्लच प्लेट या दोघांना घासत घासत एका वेगावर आणते, आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. तो न देता पाय एकदम उचलला तर स्थिर गाडीचं सगळं वजन इंजिनावर येतं, त्याचे फेरे पडतात आणि ते गुदमरून बंद पडतं. नव्याण्णव टक्के लोक थरथर येईपर्यंत छान सावकाश येतात आणि नेमकं तिथे पाय सोडून देतात. जिथे थांबायचं तिथेच सुटतं.

आणि सिग्नलला बंद पडलीच तर: ब्रेक दाबा, क्लच दाबा, चालू करा, मागचं-पुढचं बघा, निघा. हॉर्न वाजवणाऱ्याला तेवढा वेळ थांबायला काही होत नाही.

पानगळ:

चौथागिअरकाका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण माझा मुद्दा थोडा वेगळा होता. पाय आधी, हे मान्यच. पण तो सराव चालू असतानाही मान खाली घालून पायाकडे बघायची सवय लागू द्यायची नाही. मैदानातसुद्धा लांबच्या एखाद्या झाडाकडे बघतच क्लच सोडायचा. पायाला थरथर कळते, त्याला डोळ्यांची गरज नसते. एकदा खाली बघून गिअर टाकायची सवय लागली की ती मोडायला दुप्पट कष्ट पडतात. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एक ताई अजून गिअरच्या दांड्याकडे बघतात.

चौथागिअर:

हे मात्र पटलं. गिअरकडे बघणाऱ्यांची गाडी नेमकी तेवढ्या वेळात बाजूला सरकते. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, डोळे समोर ठेवून पहिला-दुसरा-तिसरा-दुसरा असं करत राहायला सांगायचो मी. हाताला जागा पाठ होतात.

आणखी एक. गिअर पडल्यावर डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवा. बरेच जण धीर म्हणून पाय क्लचवर नुसता टेकवून चालवतात. तेवढ्या दाबानेही प्लेट घासत राहते, आणि मग जळका वास येतो.

सायकलस्वार:

मी गाडी कमी आणि सायकल जास्त चालवतो, त्यामुळे काचेच्या बाहेरून लिहितोय. नवीन-जुन्या सगळ्या चालकांनी वाचावं असं वाटतं.

समोरची काच आणि बाजूची खिडकी यांच्यामध्ये जो तिरपा खांब असतो, तो बारीक वाटतो पण त्याच्यामागे आख्खी सायकल लपते. कधी कधी मोटारसायकलही. गाडीच्या सुरक्षेसाठी हे खांब आता जाड झालेत. त्यात वाईट असं, की तुम्ही चौकाकडे येताय आणि आडव्या रस्त्याने मीही येतोय, आणि दोघांचे वेग जुळलेले असतील तर मी तुमच्यासाठी त्या खांबामागेच राहतो. खांब आणि मी सोबत सरकतो. चौकात पोचेपर्यंत तुम्हाला मी दिसतच नाही. तुम्ही बघितलं होतं, रस्ता रिकामा होता, असं तुम्ही शपथेवर सांगाल आणि ते खरंही असेल.

यावर उपाय साधा आहे. चौकात शिरण्याआधी सीटमध्ये कमरेतून थोडं पुढे वाका, मागे या. खांबामागची जागा उघडी पडते. दोन सेकंदांचं काम.

दुसरी विनंती दरवाजाची. गाडी थांबवल्यावर दरवाजा जवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. म्हणजे उजवीकडे बसला असाल तर डाव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये ही सवय खूप रुळलेली आहे. मागच्या सीटवरच्या मुलांनाही शिकवा.

नेत्रांजन:

माझं काम डोळे तपासण्याचं आहे, म्हणून सायकलस्वार यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते.

आपल्याला वाटतं की समोरचं सगळं स्पष्ट दिसतंय. प्रत्यक्षात बारीक स्पष्ट दिसतो तो मधला अगदी छोटा भाग. हात लांब करून अंगठा धरला तर साधारण अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं धूसर असतं आणि मेंदू ते भरून काढतो. डोळे भराभरा इकडून तिकडे झेप घेतात तेव्हा मधल्या वेळचं चित्र मेंदू गाळून टाकतो. म्हणून चौकात मान झर्रकन डावीउजवीकडे फिरवली तर बघितल्यासारखं होतं, पण मधला मोटारसायकलवाला गाळला जाऊ शकतो. नजर दोन-तीन ठिकाणी थांबवत थांबवत फिरवा. लांब थांबा, मग मध्ये, मग जवळ. नंतर दुसरी बाजू. आणि पुन्हा पहिली.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांनी शिकण्याआधी डोळे तपासून घ्या. एकाच काचेत लांबचं-जवळचं असा चष्मा नवीन असेल तर त्याच्या कडांमधून वाकडंतिकडं दिसतं. आरशाकडे नुसते डोळे फिरवून चालत नाही, थोडी मान वळवावी लागते. असा चष्मा आधी घरात-पायी चालताना अंगवळणी पाडा, मग गाडी.

रात्री समोरून प्रखर दिवे आले की त्यांच्याकडे बघू नका. आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेच्या पट्ट्याकडे नजर न्या आणि वेग कमी करा. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि वयाबरोबर तो वाढतो. दिवे गेल्यावर लगेच वेग घेऊ नका. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर दिव्यांभोवती वलयं दिसतात. असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, रात्रीची भीती म्हणून सोडून देऊ नका.

दूरदेशी:

वा, मस्त चाललाय धागा. नेत्रांजन यांनी लिहिलंय तेच ब्रिटनमध्ये परीक्षेत तपासतात. तिथे २००२ पासून धोका ओळखण्याची वेगळी परीक्षा आहे. रस्त्यावरचे १४ व्हिडिओ दाखवतात, आणि धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. जितक्या लवकर, तितके जास्त गुण. ७५ पैकी ४४ लागतात. त्याआधी ५० प्रश्नांची नियमांची परीक्षा, तिच्यात ४३ बरोबर. मग सुमारे ४० मिनिटं खऱ्या रस्त्यावर. त्यात किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर एकही नाही. सुरुवातीलाच २० मीटरवरच्या गाडीची नंबरपाटी वाचायला लावतात. ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते.

प्रत्येक देशाचा भर वेगळा आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली. शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मधल्या टप्प्यावर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवता येत नाही. नवीन चालकाला आधी सोप्या परिस्थितीत अनुभव मिळू द्यायचा, अवघड परिस्थिती नंतर, असा त्यामागचा विचार. जर्मनीत उलट, अवघड परिस्थिती शिकवणाऱ्याच्या सोबतीने आधीच करून घेतात. शहराबाहेरचे रस्ते, महामार्ग आणि अंधार, यांचे तास वर्षानुवर्षे सक्तीचे आहेत. भारतात शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. बरेच जण एकतिसाव्या दिवसाची वाट बघत बसतात. माझ्या मते ते ६ महिने पुरेपूर वापरावेत. त्या काळात शेजारी लायसन्सधारक बसलेला असणं बंधनकारक आहे, आणि हीच सोबत नंतर मिळत नाही.

परदेशात जाऊन चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या देशातून निघण्याआधीच काढा. तो मूळ लायसन्सचा भाषांतरित सोबती आहे, नुसता तो दाखवून चालत नाही. मूळ लायसन्सही जवळ लागतं.

काठावरची:

मी अजून शिकायला सुरुवातच केलेली नाही. घरचे म्हणतात, आता या वयात कशाला? रिक्षा आहे, बस आहे, मुलं आहेत. नवरा शिकवायला तयार आहे, पण आमचं आत्ताच गाडीत भांडण होतं, तो चालवत असताना.

पानगळ:

काठावरची, "कशाला" हा प्रश्न ज्याला गाडी येते त्याला कुणी विचारत नाही, हे लक्षात घ्या. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की उत्तर आपोआप मिळतं. आणि तसं कारण नसलं तरी काय झालं? शिकावंसं वाटतं, एवढं कारण पुरे आहे.

जाता जाता एक सांगते, मला फार आवडतं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर. नवऱ्याला न सांगता. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने साफ केली, ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. तेव्हा शिकवणारं कुणी नव्हतं, रस्तेही मोटारीसाठी नव्हते.

नवऱ्याकडून शिकण्याबद्दल: सुरुवातीचं शिक्षण बाहेरच्या माणसाकडून घ्या, सराव घरच्यांबरोबर करा. शिकवणाऱ्याच्या गाडीत त्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, म्हणून तो शांत राहू शकतो. घरच्या माणसाकडे ब्रेक नसतो, म्हणून तो ओरडतो. त्याचं प्रेम कमी असतं असं नाही, त्याला नुसतं बसून राहावं लागतं आणि ते फार कठीण आहे. सरावाला निघण्याआधी ठरवून घ्या: "थांब" म्हटलं तर थांबायचं, बाकी सूचना गाडी उभी केल्यावर. आमच्याकडे हा नियम झाल्यावर घरात शांतता आली.

नवशिकी:

चौथागिअरकाका, मैदानात केला सराव! थरथर कळायला लागली. झाडाकडे बघत सोडायचा हेही केलं, जमतंय. आता प्रश्न असा की ऑटोमॅटिकच का शिकू नये? मैत्रीण म्हणते क्लचचा जाच कशाला.

चौथागिअर:

अभिनंदन! थरथर कळली म्हणजे अर्धा गड सर झाला.

ऑटोमॅटिकला मी नाव ठेवणार नाही. गुडघ्याचा त्रास असेल, वय जास्त असेल, भीती पुष्कळ असेल तर खुशाल ऑटोमॅटिक शिका. पानगळताई म्हणतात ती नजर तिच्यात लवकर तयार होते, कारण लक्ष मोकळं असतं. फक्त आपल्याकडचे नियम बघा. ब्रिटनसारख्या काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही तेवढ्यापुरतंच मिळतं, क्लचची गाडी चालवता येत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय बाजूला ठेवून द्या, कशालाही लावू नका. ब्रेक आणि एक्सलरेटर दोन्ही उजव्या पायाने. क्लचवरून आलेल्या माणसाचा डावा पाय सवयीने जोरात ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. दुसरं, D मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकल्यावर ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून सरकते, रेस लागत नाही. पार्किंगमध्ये हे सतत ध्यानात असू द्या. चालू करताना, गिअर बदलताना, थांबताना पाय ब्रेकवर.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल सांगतो, कारण जुने चालक चुकीचं शिकवतात. पूर्वी चाक जाम होऊ नये म्हणून ब्रेक मारत-सोडत राहा असं सांगायचे. एबीएस असलेल्या गाडीत संकटात ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली पेडल थडथडेल, आवाज येईल. घाबरून पाय काढू नका, ते यंत्र त्याचं काम करतंय. चाक जाम होत नसल्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. यासाठीच एबीएस आहे. १९७८ मध्ये बॉश कंपनीने ते प्रवासी गाड्यांसाठी बाजारात आणलं, आणि अजूनही लोकांना पेडल थडथडलं की गाडीत बिघाड झालाय असं वाटतं. रिकाम्या मैदानात, मागे कुणी नसताना एकदा जोरात ब्रेक दाबून ती थडथड अनुभवा.

पण एबीएस अंतर संपवून टाकत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगाला नुसत्या ब्रेकचं अंतर १४ मीटरच्या आसपास धरलं तर १०० ला ते ५५ च्या आसपास जातं, आणि ब्रेकवर पाय पडायच्या आधीच्या एका सेकंदात गेलेले २८ मीटर वेगळे. म्हणून पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मोजायला सुरुवात करा. दोन मोजायच्या आत तुम्ही तिथे पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट.

पानगळ:

अंतर ठेवलं की मध्ये दुसरी गाडी घुसते, असं सगळे म्हणतात. घुसू दे. एक्सलरेटरवरचा पाय जरा हलका केला की अंतर परत तयार होतं. अंतराचा दुसरा फायदा नजरेचा आहे. ट्रकच्या मागे चिकटून चालवलं तर समोर फक्त ट्रकचं फळकुट दिसतं. मागे राहिलं की त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसतो, पुढे कुणी थांबलंय, दिवा लाल झालाय, हे आधी कळतं. काचेतून पुढच्या गाडीच्याही पुढचे ब्रेकलाइट बघायची सवय लावा.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मोठ्याने बोलण्याचा. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांच्या प्रशिक्षणातही हे करून घेतात. चालवताना जे दिसतं ते बोलत राहायचं. "डावीकडे उभी गाडी, आत माणूस आहे, दार उघडेल. फुटपाथवर मूल, हातात चेंडू. बस थांबलीय, तिच्या पुढून कुणीतरी येईल. मागे मोटारसायकल." सुरुवातीला बोलणं गाडीच्या मागे पडतं, वस्तू निघून गेल्यावर तोंडातून शब्द येतो. काही काळाने बोलणं पुढे जायला लागतं, म्हणजे गोष्ट घडायच्या आधी तुम्ही ती बोलता. तेव्हा समजा की नजर तयार झाली. दुसऱ्या कुणाच्या गाडीत शेजारी बसून, बसमध्ये पुढच्या सीटवर बसूनही हा सराव होतो. काठावरची, तुम्ही तर आजपासून करू शकता. नवरा चालवत असताना मनातल्या मनात करा म्हणजे झालं.

उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना गाड्यांच्या खालून बघा. चाकांच्या मधल्या फटीतून पावलं दिसतात. उंचीने लहान मूल बोनेटच्या वर दिसत नाही, पण त्याची पावलं दिसतात. आणि उभ्या गाडीची पुढची चाकं रस्त्याकडे वळलेली असतील तर ती निघण्याच्या बेतात आहे.

काठावरची:

चौकशी केली. पुढच्या महिन्यात सुरू करतेय. परीक्षेच्या दिवशीची धडधड कशी घालवायची ते कुणीतरी लिहा, मला लेखी परीक्षेच्या नावानेही घाम फुटतो.

दूरदेशी:

परीक्षेपुरतं एकच सांगतो. आरशात नुसते डोळे फिरवले तर परीक्षकाला कधी कधी कळत नाही, म्हणून मान किंचित वळवा. वळण्याआधी आणि लेन बदलण्याआधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून मागे एक नजर. आरशात न दिसणारा पट्टा फक्त मान वळवल्यावर दिसतो. परीक्षेत हे तपासतात आणि रस्त्यावरही हेच लागतं, त्यामुळे वेगळी तयारी नको. एखादी गोष्ट बिघडली तर ती तिथेच सोडा. बऱ्याच जणांची परीक्षा पहिल्या चुकीने जात नाही, तिचा विचार करताना झालेल्या दुसऱ्या चुकीने जाते.

नवशिकी:

रिव्हर्सबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला मागे घेताना स्टिअरिंग कुठे फिरवायचं तेच कळेनासं होतं.

चौथागिअर:

गाडीचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडेच स्टिअरिंग फिरवा. एवढंच लक्षात ठेवा, उलटसुलट गणित करू नका. मान वळवून मागच्या काचेतून बघा. कॅमेरा असला तरी, कारण तो जमिनीजवळचं दाखवतो आणि बाजूने धावत येणारं दाखवायला उशीर करतो. मागे जाताना गाडीचं पुढचं टोक उलट्या बाजूला झुलतं, म्हणून मधूनमधून पुढच्या कोपऱ्यांकडे एक नजर टाका. शेजारच्या गाड्या घासतात त्या बहुतेक या पुढच्या कोपऱ्याने.

सगळं अर्ध्या क्लचवर, रांगत्या वेगाने. तुम्हाला थरथर सापडलीच आहे, ती इथे कामाला येईल. पुढच्या सरावाला मैदानात दोन बादल्या उभ्या करा आणि त्यांच्या मधून मागे घ्या. आधी मधलं अंतर भरपूर ठेवा, मग एकेक वीत कमी करत चला. आणि दर वेळी गाडीत बसण्याआधी मागे एक फेरी मारून या, काचेच्या खालच्या उंचीवर काय आहे ते गाडीतून दिसत नाही.